टेकवल्याची नोंद

मास्तरांनी उभ्या आयुष्यात कुणाला बाराखडी शिकवली नव्हती, की कुणाच्या हातावर छडी मारली नव्हती. तरी सगळे त्यांना मास्तरच म्हणत, आणि त्याला कारण त्यांच्या खिशातली पोलादी टेप. कपाट घ्यायला गेले तर दुकानदाराच्या शब्दावर विश्वास नाही, टेप बाहेर. भिंतीवर खिळा ठोकायचा तर दोन्ही कोपऱ्यांपासून मोजणार. नव्या घरात पलंग यायचा होता तेव्हा त्यांनी दाराची चौकट तीनदा मोजली, आणि पलंग आला तो दुकानदाराने सांगितल्यापेक्षा दोन बोटं रुंद निघाला. "बघ," ते बायकोला म्हणाले. त्या एका 'बघ'वर या माणसाने पुढची चाळीस वर्षं घर चालवलं, असं बायको अजून म्हणते.

धंदा सिमेंटचा, पण घरं बांधण्याचा नव्हे. जमिनीखालचा गॅस उपसून संपला की ती विहीर तशीच उघडी सोडता येत नाही. मैलभर खोल गेलेलं, कळशीच्या तोंडाएवढं ते भोक बुजवावं लागतं. सगळं बुजवत नाहीत. गॅसच्या थराच्या वर जिथे भक्कम खडक लागतो, तिथे साठ-सत्तर मीटर लांबीचं सिमेंटचं बूच बसवतात. लोखंडी पाइप एकाला एक जोडत खाली सोडायचे, त्यातून ओलं सिमेंट दाबायचं, पाइप वर ओढून घ्यायचे आणि थांबायचं. बारा तास, कधी सोळा. मग पुन्हा तेच पाइप अलगद खाली न्यायचे. पाइप बुचावर टेकला की वर यंत्राच्या वजनकाट्याची सुई खाली येते, कारण भार आता सिमेंटने घेतलेला असतो. याला त्या कामात टेकवणं म्हणतात. किती खोलीवर टेकलं, किती वजन ठेवून पाहिलं, हे कागदावर लिहायचं आणि सही करायची. सही झाली की विहीर मेली.

हा सगळा खटाटोप का, तर ओल्या सिमेंटचा भरवसा नसतो. खालचं पाणी हलकं असलं तर ते त्यातून निमूट घसरत तळाशी जाऊन बसतं, आणि वरच्या माणसाला पत्ता नसतो. मास्तर नव्या पोरांना सांगत, सिमेंट ही पाहुण्यासारखी जात आहे, बसवलं तिथेच बसेल असं धरून चालू नये.

अडतीस वर्षांपूर्वी, गावाबाहेरचा गॅस संपला तेव्हा, मास्तरांनी एका मोसमात अकरा विहिरी बंद केल्या. मुलगी तेव्हा पाच वर्षांची. कधीकधी ते तिला कामावर नेत, सावलीत ठोकळ्यावर बसवत, आणि पाइप मोजताना टेपचं दुसरं टोक तिच्या हातात देत. "घट्ट धर, ढिली टेप खोटं बोलते," असं सांगत. पोरगी ओठ दाबून टेप धरून बसे. पुढे ती शिकली, इंजिनियर झाली, दुसऱ्या शहरांत जाऊन आली, आणि चार वर्षांपूर्वी पुन्हा याच गावात एका प्रकल्पावर रुजू झाली. मास्तरांना तिचा अभिमान होता, आणि तो ते लपवत नसत. पोस्टात, बँकेच्या रांगेत, दाताच्या डॉक्टरकडे तोंड उघडं असतानासुद्धा, त्यांनी तिचं काम लोकांना समजावून सांगितलं होतं.

काम असं. गावाचं पोट सिमेंटच्या कारखान्यावर, आणि कारखान्याच्या धुराड्यावर आता सरकारची नजर. धुरातला कार्बन वायू हवेत सोडायचा तर जबर दंड, आणि चुनखडी भाजली की तो वायू निघणारच, कितीही चांगली भट्टी बांधा. मग एकच वाट. तो वायू धुरातून गाळून काढायचा, कोरडा ठणठणीत करायचा, कारण ओल राहिली तर त्याचं आम्ल होऊन पोलादी पाइप खातो, मग दाबून दाबून जवळजवळ पाण्यासारखा करायचा आणि बारा किलोमीटरवर नेऊन जमिनीखाली, जिथला गॅस उपसून संपला त्याच पोकळ थरात, कायमचा कोंडायचा. ऐकायला सोपं. पण गाळण्याचं यंत्रच कारखान्याची पाव वीज खाणार होतं, आणि त्याहून मोठं त्रांगडं माणसांचं होतं. कारखाना म्हणे, आधी साठवायची जागा पक्की करा, मग यंत्र बसवतो. साठवणारे म्हणत, आधी वायू देण्याचा करार करा, मग जागा पक्की करतो. बँक म्हणे, आधी तुम्ही दोघं सही करा, मग मी बघते. 'आधी तू' म्हणत तिघं चार वर्षं दारात उभे होते. शेवटी एकदाचं जमलं. येत्या शुक्रवारी सकाळी अकरा वाजता तिघंही एका टेबलाशी बसून सह्या करणार होते, आणि पुढच्याच आठवड्यात चाचणीसाठी टँकरने आणलेला पहिला वायू खाली जाणार होता.

हे मुलीने सोमवारी जेवताना सांगितलं. ती महिन्यातून एक-दोनदा आईवडिलांकडे जेवायला येई, आणि त्या दिवशी खुशीत होती. थर चांगला आहे, वरचा खडक घट्ट आहे, काळजी फक्त जुन्या विहिरींची होती, ती म्हणाली. त्या थरात चौतीस जुनी भोकं. तेवीस विहिरींचे कागद गहाळ किंवा भोंगळ, म्हणून त्या पुन्हा उघडून, तपासून, नव्याने बंद केल्या. एकेकीला पाच-सहा आठवडे लागले, बँक दर वेळी कण्हायची.

"आणि बाकीच्या अकरा?" मास्तरांनी विचारलं.

"त्या तुमच्या आहेत, बाबा. त्या कशाला उघडू? हातच्या काकणाला आरसा लागतो का?" ती हसली. "सगळा हिशेबच त्यावर बसलाय. अकरा वाचल्या म्हणून तर प्रकल्प परवडला. सुरक्षित असल्याचा दाखला मीच दिलाय, माझ्या सहीने."

मास्तरांनी पाण्याचा पेला उचलला आणि न पिता खाली ठेवला. बायकोने विचारलं, काय झालं. ठसका लागला, ते म्हणाले. न पिता ठसका कसा लागतो हे तिने विचारलं नाही, पण तिच्या नजरेतून ते सुटलं नाही.

गोष्ट अशी होती की त्या अकरांपैकी एक विहीर मास्तरांनी टेकवली नव्हती.

दिवस उन्हाचा होता. यंत्र दुसरीकडे न्यायला ट्रेलर येऊन उभा होता. सिमेंट टाकून चार तास झाले होते. रिगवरचा, म्हणजे त्या यंत्रावरचा, साहेब म्हणाला होता, अहो मास्तर, तुम्ही टाकलं म्हणजे बसलंच, आजवर एकदा तरी चुकलंय का? आणि खरंच चुकलं नव्हतं. कुणी दम दिला नव्हता, कुणी आमिष दाखवलं नव्हतं. मास्तर नको म्हणाले असते तर साहेबाने कुरकुरत का होईना, ट्रेलर थांबवला असता. पण कौतुक गोड लागलं. इतक्या वेळा मी म्हणालो तिथेच बूच निघालं, मग हेही तिथेच असणार, असं त्यांना वाटलं. त्यांनी खोलीचा आकडा लिहिला, शेवटी दशांशही दिला, म्हणजे खरा दिसावा, आणि सही ठोकली. जगाला टेप लावत फिरणाऱ्या माणसाने स्वतःला मात्र मोजून पाहिलं नाही.

आणि आता त्यांना ती विहीर कोणती हे आठवत नव्हतं. सगळ्या सारख्याच, सगळीकडे तेच खडीचं मैदान, तीच पत्र्याची केबिन, तेच ऊन. खोटं लपवायचं तर आधी स्वतःपासून लपवावं लागतं, आणि ते त्यांनी इतकं नीट केलं होतं की आता हाताला लागत नव्हतं. एक विहीर खोटी म्हणावी तर अकराच्या अकरा संशयात, आणि अकरा उघडायच्या तर प्रकल्प गेला, कारखाना गेला. गप्प बसावं, तर थरात वायू भरणार. आजवर काही झालं नाही यात काही अर्थ नव्हता. थर रिकामा होता, त्यात जोर नव्हता, फुगलेलाच नाही त्या फुग्याचं भोक कळतं का? पण आता तोच थर दाबाने फुगवायचा होता. आणि हा वायू हवेपेक्षा जड. वर आला तर उडून जात नाही, सखल जागा शोधून तिथे साचतो, वास नाही, रंग नाही, आणि माणूस निजल्या जागी गुदमरतो. हे मास्तरांना कुणी सांगायची गरज नव्हती.

मंगळवारी ते केस कापायला गेले. घरात बसवत नव्हतं म्हणून गेले, एरवी डोक्यावर कापण्याजोगं फारसं उरलं नव्हतं. सलूनवाला त्यांच्या ओळखीचा, बसडेपोच्या मागच्या सखल वस्तीत राहणारा. कात्रीपेक्षा जीभ जोरात. शुक्रवारी सह्या होताहेत म्हणे, तो म्हणाला, म्हणजे कारखाना तरला आणि तिथे कामाला असलेला त्याचा जावईही. मधे वस्तीत लोक घाबरले होते, जमिनीखाली काय कोंडताहेत म्हणून. मग ताई स्वतः आल्या, घरोघर बसल्या, चहा घेतला.

"ताई म्हणाल्या, इथल्या विहिरी माझ्या वडिलांनी बंद केल्यात," सलूनवाला आरशातून बघत म्हणाला. "आम्ही म्हटलं, मास्तरांनी? मग विषयच संपला."

मास्तरांनी डोळे मिटून घेतले. केस डोळ्यांत जातात म्हणाले.

तिथून घरी येताना त्यांनी मुलीला फोन केला आणि जुने कागद बघायला मागितले. सहज, म्हणाले, हौस म्हणून. तिला कोण आनंद झाला. बुधवारी सकाळी ऑफिसला जाता जाता तिने अकरा विहिरींच्या छापील प्रती आणून दिल्या, प्रत्येकीची वेगळी फाइल, जे जे सापडलं ते सगळं लावलेलं, अगदी डिझेलच्या चिठ्ठ्यासुद्धा. प्रत्येक पानावर कोपऱ्यात तिची निळी खूण होती, तपासल्याची.

मास्तर जेवणाच्या टेबलाशी बसले. बायको भाजी चिरत होती. आपलंच अक्षर, आपलीच सही, एकाहून एक नीटनेटकी. पहिली विहीर, दुसरी, तिसरी. कुठे काही चुकलेलं नाही. खोटं लिहिणाऱ्याने इतकं सुबक लिहू नये, असं त्यांना वाटून गेलं, आणि स्वतःचाच राग आला. मग सातव्या फाइलच्या शेवटी एक पिवळट चिठ्ठी निघाली. ट्रकवाल्याची. दुपारी दोन वाजता शंभर पाइप भरून नेल्याची पोच.

मास्तरांनी मागचं पान उलटलं. टेकवल्याची वेळ, संध्याकाळी साडेपाच. खोली, चौदाशे बारा मीटर आणि सहा दशांश. जागेवर एकूण पाइप एकशे सत्तर, प्रत्येक साधारण नऊ मीटरचा. शंभर दोनला गेले. उरले सत्तर. सत्तर पाइप जेमतेम सहाशे तीस मीटर जातात. सहाशे तीस मीटरच्या पाइपने चौदाशे मीटरवरचं बूच कसं टेकवलं? आता त्यांना ट्रकसुद्धा आठवला, त्याचं मागचं फळकूट बांधायला दोरी मिळत नव्हती तेही आठवलं. सात नंबर. बसडेपोमागची. आता जिथे सलूनवाल्याची वस्ती आहे तिथली.

क्षणभर त्यांना हायसं वाटलं. अकरा नाहीत, एकच आहे, आणि पुरावा हातात आहे. मग त्यांची नजर त्या चिठ्ठीच्या कोपऱ्याकडे गेली. तिथेही निळी खूण होती. मुलीने ही चिठ्ठी पाहिली होती, आणि पुढे सारली होती. हा कागद टेबलावर आला तर बापाची लबाडी उघडी पडेल ती अडतीस वर्षांपूर्वीची, पण लेकीचा हलगर्जीपणा उघडा पडेल तो यंदाचा. बापाला कुणी काय करणार, त्र्याहत्तर वर्षांचा म्हातारा. तिची मात्र सही कायमची बाद. आपलेच दात आणि आपलेच ओठ, चावायचं कुणाला?

मास्तरांनी चिठ्ठी काढून शर्टाच्या खिशात घातली आणि ठरवलं, या चिठ्ठीशिवायच सांगायचं.

गुरुवारी सकाळी ते मुलीला न कळवता प्रकल्पाच्या साहेबांकडे गेले. साहेब भला माणूस. चार वर्षांत त्याचे केस पिकले होते, आणि उद्याच्या सह्यांच्या तयारीत त्याचं टेबल कागदांनी भरलं होतं. त्याने मास्तरांना बसवलं, चहा मागवला. मास्तरांनी सगळं सांगितलं. ट्रेलर, ऊन, रिगवरच्या साहेबाचं कौतुक, लिहिलेला आकडा. सात नंबर उघडा, म्हणाले, बाकी मी काही मागत नाही.

साहेबाने ऐकून घेतलं. मग विचारलं, काही कागद आहे का? मास्तरांचा हात खिशाकडे गेला आणि तिथूनच परत आला. नाही, म्हणाले, कागद नाही, मी सांगतोय ना.

"काका," साहेब हळू आवाजात म्हणाला, "माझ्याकडे तुमची अडतीस वर्षांपूर्वीची सही आहे. ती करणाऱ्या माणसाला त्याच दिवशीचं आठवत होतं. आज तुम्हाला वाटतं की तसं झालं असेल. मी बँकेला काय सांगू?"

"तो खोटं बोलला. मी खरं बोलतोय."

"तेही तुम्हीच, आणि हेही तुम्हीच. कागद मात्र त्याच्या बाजूने आहे."

मास्तरांना हसावं की रडावं कळेना. आयुष्यभर लोकांनी त्यांचा शब्द प्रमाण मानला होता, आणि आता खोटा शब्द त्यांच्याच खऱ्या शब्दाला दारात उभं करत नव्हता. साहेबाने गाडी देऊ केली. ते चालत आले.

संध्याकाळी मुलगी आली ती चप्पल न काढताच आत. साहेबाने तिला बोलावून, जपून, काळजीने सांगितलं होतं की वडिलांना एकदा डॉक्टरांना दाखव. ती आईशी बोलली नाही, सरळ बापासमोर उभी राहिली. उद्या सह्या आहेत, अठराशे माणसांच्या नोकऱ्या त्यावर आहेत, आणि आज तुम्ही माझ्या पाठीमागे माझ्याच साहेबाकडे जाता? काय बोललात हे तुम्हाला कळतं तरी का? विसरायला होतं तर तसं सांगा, आम्ही काय मेलो होतो? तिचा आवाज चढला आणि मधेच फुटला. मास्तर ऐकत राहिले. ती म्हणते तसे आपण खरंच भ्रमिष्ट झालेलो असतो तर किती बरं, असं त्यांच्या मनात आलं. पोरीची सही वाचली असती. फक्त गप्प बसायचं होतं. साहेब मानत नाही, मुलगी मानत नाही, आपण सांगून मोकळे झालो, सुंठीवाचून खोकला गेला असं म्हणायचं. त्यांनी तसं म्हणूनही पाहिलं मनात. पण डोळ्यांपुढे सलूनवाल्याचा आरसा आला आणि त्यांना ते जमेना.

त्यांनी खिशातून चिठ्ठी काढली आणि टेबलावर ठेवली.

तिने वाचली. वेळ वाचली, आकडा वाचला. ओठ हलले, बेरीज-वजाबाकी चालली होती. मग तिचं बोट कोपऱ्यातल्या निळ्या खुणेवर जाऊन थांबलं. आईने गॅस बंद केला.

"ही मी पाहिली होती," ती शेवटी म्हणाली. "हातात घेऊन पाहिली होती. आकडे मांडले नाहीत. दुसऱ्या कुणाची असती तर मांडले असते."

"मला माहीत आहे."

"आणि तरी तुम्ही हिच्याशिवाय गेलात. माझ्यासाठी."

मुलगी खुर्चीवर बसली आणि रडली नाही, याचंच मास्तरांना जास्त वाईट वाटलं. मग तिने चिठ्ठी घडी न घालता पर्समधल्या वहीत ठेवली आणि निघाली. काय करणार आहेस, असं आईने दारात विचारलं. माहीत नाही, म्हणाली.

शुक्रवारची सकाळ मास्तरांना कशी गेली ते त्यांनाच ठाऊक. अकरा वाजले. सव्वाअकरा. बायकोने दोनदा चहा केला, दोन्ही वेळा तो गार झाला. चिठ्ठी मुलीकडे होती, मूठ झाकलेलीच होती. तिने ती उघडली नाही तर जगात कुणाला कळणार नव्हतं, एका म्हाताऱ्याशिवाय, आणि त्या म्हाताऱ्याला तर लोक भ्रमिष्ट ठरवून बसले होते. तिने उघडू नये असं त्यांच्यातल्या बापाला वाटत होतं. हे कबूल करायला हवं, कारण त्या सकाळी तो बाप त्यांच्यात फार मोठा झाला होता. अकरा चाळीसला फोन वाजला.

"सह्या झाल्या नाहीत," मुलगी म्हणाली. "मी माझा दाखला मागे घेतला." आणि फोन ठेवला.

पुढचे दिवस वाईट गेले. बँकेने दोन महिन्यांची मुदत दिली, तीही मेहेरबानी केल्यासारखी. कारखान्याच्या फाटकावर लोक मास्तरांचं नाव घेऊन बोलत. सलूनवाल्याने दुकानात आधीच दोन गिऱ्हाइकं असल्याचं सांगितलं, खुर्च्या रिकाम्या होत्या. मुलीला कामावरून काढलं नाही, पण तिच्या सहीशेजारी आता बाहेरून आलेल्या दुसऱ्या इंजिनियरची सही लागे. ती घरी जेवायला येईनाशी झाली. फोन करी, तो आईला.

सहाव्या आठवड्यात सात नंबरच्या तोंडावर जमिनीलगत बसवलेलं टोपण फोडून झालं आणि मुलीने आईमार्फत निरोप दिला की बाबांना यायचं असेल तर उद्या सकाळी यावं. मास्तर गेले. डेपोमागच्या पटांगणात रिग उभी होती, लोखंडी मनोऱ्यासारखी. तारांच्या कुंपणापलीकडे वस्तीतले लोक उभे होते. सलूनवालाही होता. त्याने मान फिरवली नाही, इतकंच.

पाइप खाली जात होते. एकाला एक जोडत, सावकाश. मुलगी वजनकाट्यासमोर हातात वही घेऊन उभी होती, शेजारी तो दुसरा इंजिनियर. रिगवाला मोठ्याने खोली सांगत होता. तेराशे. साडेतेराशे. बूच तिथे असावं, अशी मास्तरांची इच्छा होती. सगळं जग त्यांच्यावर हसलं असतं, उगाच दोन महिने घालवले म्हणून शिव्या दिल्या असत्या, तरी चाललं असतं. लेकीचा विश्वास फुकट गेला नाही, एवढं तरी झालं असतं.

चौदाशे बारा, रिगवाला म्हणाला.

सुई हलली नाही. पाइप तसाच खाली गेला, लोण्यातून सुरी जावी तसा. चौदाशे वीस. चौदाशे पन्नास. चौदाशे नव्वदला गॅसचा थर सुरू होत होता, तोही मागे पडला. पंधराशे एकसष्टवर सुई थरथरली आणि खाली आली. सिमेंट होतं, पण बाटलीच्या तोंडात नव्हतं, तळाशी पडलेलं होतं. थरापासून वस्तीपर्यंत मधे त्या वरच्या टोपणाशिवाय काहीच नव्हतं.

दुसऱ्या इंजिनियरने टोपी काढून कपाळ पुसलं. मुलीने आकडा लिहिला, वेळ लिहिली, सही केली, वही त्याच्या पुढे केली. मग ती मास्तरांकडे आली. तीन पावलांवर थांबली.

"बाकीच्या दहा?" तिने विचारलं.

"टेकवल्या होत्या," मास्तर म्हणाले. "एकूण एक. माझ्या हाताने."

हे अगदी खरं होतं. त्यांनी आयुष्यात याहून खरं काही सांगितलं नव्हतं. मुलीने त्यांच्या तोंडाकडे पाहिलं, आणि पाचव्या वर्षापासून जी नजर त्यांच्या ओळखीची होती ती त्या चेहऱ्यावर शोधूनही त्यांना सापडली नाही. तिथे एक इंजिनियर उभी होती, आणि ती शितावरून भाताची परीक्षा करत होती. तिने तसंच करायला हवं होतं. मास्तरांना ते पटलं, आणि पटलं म्हणूनच फार लागलं.

"मी बँकेकडे आणखी मुदत मागितली आहे," ती म्हणाली. "मिळेल की नाही, माहीत नाही. मिळाली तर रिग सोमवारी एक नंबरवर जाईल. मग ओळीने सगळ्या." ती जरा थांबली. "बाबा, मी..."

"टेकवून बघ," मास्तर तिला मधेच थांबवत म्हणाले. "माझ्या शब्दावर जाऊ नकोस."

तिने मान हलवली आणि पाइप वर घ्यायला सांगायला रिगकडे गेली.